राखून ठेवलेली जागा

१

कमलिनीबाई दाबके जुना कागद कधी मनात वाचत नसत. मनात वाचलं की डोळे लबाडी करतात, नसलेलंही दिसलं म्हणतात, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्या खोलीत एकट्या बसून, रेकॉर्डर चालू करून, कागद मोठ्यानं वाचत. एक नाव वाचायचं, मनात तीन आकडे मोजायचे, मग पुढचं नाव. दुपारी चहा घेता घेता तेच रेकॉर्डिंग लावायचं आणि मधल्या त्या रिकाम्या वेळात एकेक नाव पेन्सिलनं पडताळायचं.

नवऱ्याच्या नोकरीपायी त्या वीस वर्षांपूर्वी पुण्याहून म्हैसूरला आल्या. नोकरी संपली, पुढं नवराही गेला, पण विजयनगरातलं घर आणि डोक्यात शिरलेला विषय दोन्ही राहिले. विषय होता म्हैसूर आणि वायनाड यांच्यामधली जुनी सरहद्द. तिथली ठाणी, ठाण्यांवरचे मराठी शिपाई, रानातले लोक, वाटाडे, हत्ती धरणारे. यावर त्यांचं पुस्तक आज होईल, उद्या होईल असं सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं की आता कुणी विचारायच्या भानगडीत पडत नसे.

वाचून झालं की कागद पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि खोली पुसायची. तिथं त्या कामवालीलासुद्धा शिरू देत नसत. जमीन जुन्या पद्धतीची, लाल कोब्याची. ओली असली की गडद, वाळली की फिकी. पुसल्यावर दारात उभं राहून ती वाळताना बघायची त्यांना सवय होती. तेवढीच दिवसातली विश्रांती.

त्या मंगळवारी त्यांनी सरहद्दीवरच्या कागेबेट्टच्या ठाण्याचा हजेरीपट वाचायला घेतला होता. नऊ नावं झाली आणि घसा बसला, म्हणून थांबल्या. खोली पुसली. दारात उभ्या राहिल्या.

जमीन सारखी वाळत नव्हती. आधी लहान लहान ठिकाणं वाळली, प्रत्येक ठिकाण वीतभर लांब, आणि दोन दोन शेजारी शेजारी. त्या जोड्या त्यांनी मोजल्या. खिडकीपासून कपाटापर्यंत एका सरळ रेषेत नऊ जोड्या होत्या.

२

हा कागद आला होता म्हैसुरातल्याच नजरबादेतून, दत्तोजीराव लाडांकडून. दत्तोजीरावांचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले, डावा पाय जरा फेंगडा, आवाज मात्र शाबूत. आठवड्यापूर्वी ते नातीच्या स्कूटरवर मागं बसून, कागद धोतराच्या फडक्यात गुंडाळून, स्वतः घेऊन आले होते.

"मेडम, आमाला मोडी येत नाय," ते म्हणाले होते. "माझ्या बापालाबी येत नव्हती. आमी फक्त दसऱ्याला हळद-कुंकू लावून पूजा करतो, अष्टे, तेवढंच."

गोष्ट सगळ्या नजरबादेला ठाऊक होती. दोनशे वर्षांपूर्वी कागेबेट्टच्या ठाण्यावर एकोणीस मराठी शिपाई होते. त्यातले अठरा तिथंच मेले. एकजण परत आला, तो लाडांचा मूळपुरुष. तो ठाणं टाकून पळाला, आणि पळताना हजेरीपटही घेऊन आला, असं बाकीची अठरा घराणी मानत आली. या घराण्यांचा नजरबादेत एक हॉल आहे. खंडेनवमीला तिथं जमिनीवर तलवारी मांडतात, एकेका घराण्याचं नाव पुकारतात, घरातला वडील माणूस "हाजिर" म्हणतो आणि आपल्या तलवारीला कुंकू लावतो. लाडांचं नाव पुकारत नाहीत. लाड बाहेर ओसरीवर बसतात, प्रसाद घेतात आणि घरी जातात.

"कागदावर वर लिहिलंय आसामी एकोणीस," कमलिनीबाई म्हणाल्या होत्या. "पण नावं अठराच दिसतात. खालचा कोपरा कसरीनं खाल्लाय. तुमच्या पूर्वजाचं नाव तिथं असेल तर गेलंच म्हणायचं."

"बाकीचे म्हणतात, पळाला म्हणून नाव काडून टाकलं." दत्तोजीराव म्हणाले. "दोनशे वर्षं झाली मेडम, अजून पळतोयच की तो. तुमी त्याला जरा थांबवा. यंदाच्या नवमीला जमलं तर बघा. पुढच्या नवमीचं मी सुम्ने, उगीच का बोलू?"

नात यशस्विनी आयटीत होती, मराठी तिला बेताचंच. ती आजोबांकडं बोट करून म्हणाली, "आंटी, तात रोज रात्री सेम सेम सांगतो. प्लीज काहीतरी करा."

कमलिनीबाईंना असल्या कामाची खरं तर चीड होती. घराण्याची अब्रू धुवायला संशोधन करत नाहीत, हे त्यांनी कित्येक जणांना तोंडावर सांगितलं होतं. पण म्हातारा काही मागत नव्हता, फक्त विचारत होता. त्या हो म्हणून बसल्या. नवमीला तेव्हा नऊ दिवस होते.

३

नऊ जोड्या बघून कमलिनीबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी कारण शोधलं. जुन्या कोब्याखाली माती बसते, कुठं पोकळ होतं, तिथं लवकर वाळतं. मग हे वीस वर्षांत कधी दिसलं कसं नाही, या प्रश्नाला त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं, की बघितलं कुणी होतं. हे खोटं होतं. त्या रोज बघत होत्या.

दुपारी चहा घेऊन त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

स्वतःचा आवाज आला, "राणोजी घाटगे." मग तीन आकड्यांची शांतता. त्या शांततेत टक असा बारीक आवाज झाला, टाचेला टाच लागावी तसा. "पिराजी माने." टक. "बहिर्जी शितोळे." टक.

शेजारी सुताराचं काम चालू होतं खरं. पण सुतार मधे मधे थांबतो, बिडी ओढतो. हा आवाज प्रत्येक नावानंतर, दुसऱ्या आकड्यावर, नेमका एकदाच येत होता. नवव्या नावानंतर त्या वाचायच्या थांबल्या होत्या आणि रेकॉर्डर तसाच चालू राहिला होता. त्या पट्ट्यात नुसती शांतता होती. बाईंनी आवाज मोठा करून कान लावला. शांततेत कुणीतरी नाकानं श्वास घेत होतं. एक माणूस नव्हे, बरेच जण, सावकाश, उभ्यानं वाट बघणारी माणसं घेतात तसा.

बाईंनी रेकॉर्डर बंद केला आणि चहा गार झालेला असूनही पिऊन टाकला. कागद अर्धा सोडायची त्यांना सवय नव्हती. भीती वाटली म्हणून वाचायचं सोडलं, असं पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिता येत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेली नऊ नावं वाचली. आवाज मुद्दाम खणखणीत ठेवला. कागदाच्या पाठीवर चार ओळींचा शेवट होता, हजेरी झाली वगैरे. असले शेवट त्यांनी शेकड्यानं वाचले होते. तो न वाचताच त्यांनी वहीत "पुढं नेहमीचा मायना" असं लिहिलं, जसं सगळेच संशोधक लिहितात, आणि रेकॉर्डर बंद केला.

त्यांनी खोली पुसली. फडकं पिळून त्या दाराशी आल्या, पंखा बंद केला, आणि उभ्या राहिल्या.

पहिली रांग वाळली. मग तिच्या मागं दुसरी रांग वाळायला लागली. एक, दोन, तीन जोड्या. मग हातभर जागा गडद ओलीच राहिली. त्यापुढं सहा जोड्या. सगळ्यांचे पंजे दाराकडं, म्हणजे बाईंच्याकडं होते.

ओल्या जमिनीवर पाय ठेवायची त्यांची छाती झाली नाही. बाहेर उन्हात जाऊन त्या कडीपत्त्याशी उभ्या राहिल्या. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, भाजीवाला ओरडत होता, सगळं जिथल्या तिथं होतं. आत खोलीत मात्र अठरा माणसं उभी आहेत, आणि ती आपणच बोलावली आहेत, हे त्यांना आता कुठल्याही कारणानं झाकता येईना. त्यांना भीती वाटत होती. ती त्यांनी स्वतःशी कबूल केली.

कबूल केल्यावर डोकं चालायला लागलं. भीतीचं तसंच असतं, लपवली की पांगळं करते. जागा एकोणीस होत्या. रिकामी जागा शेवटची नव्हती. ती दुसऱ्या रांगेत चौथी होती. नऊ आणि तीन बारा. म्हणजे बाराव्या नावानंतर.

त्या आत आल्या, भिंतीला घासून घासून टेबलापर्यंत गेल्या, पेटी उघडली. कागदावर बाराव्या नावाखाली बोटभर रुंद गुलाबी कागदाची पट्टी आडवी चिकटवलेली होती. कागद घडीवर फाटला असणार आणि कुणीतरी भाताच्या खळीनं सांधला असणार. अशा पट्ट्या त्यांनी हजार बघितल्या होत्या. "येथे दुरुस्ती" असं वहीत टिपून त्या पुढं गेल्या होत्या. पट्टीखाली काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यांनी नजरबादेला फोन लावला.

५

"ही पट्टी माझ्या आज्यानं लावली," दत्तोजीराव म्हणाले. ते टेबलाशी खुर्चीत बसले होते, काठी गुडघ्यांमधे. "पूजेच्या दिवशी कागद फाटला म्हणून त्याला रडू आलं होतं. लग्नाच्या पत्रिकेचा कागद कापून लावला त्यानं. माझी आज्जी सांगायची."

"ती काढावी लागेल. कागद तुमचा, पट्टी तुमच्या आजोबांची. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

म्हातारा कागदावर वाकला. मग म्हणाला, "मीच काडतो. त्याचा हात माझ्याच हातानं निघू दे."

यशस्विनीनं कोमट पाण्याची वाटी धरली. कमलिनीबाईंनी कापसाचा बोळा ओला करून पट्टीवर ठेवला, खळ फुगू दिली. मग दत्तोजीरावांनी जाड, कापऱ्या बोटांनी पट्टीचा कोपरा धरला आणि रांगोळीची रेघ ओढावी इतक्या सावकाश ओढत नेला. पट्टी निघाली. खाली एक ओळ होती, बाकीच्या ओळींहून काळीभोर, कारण तिला दोन पिढ्या ऊन लागलं नव्हतं.

बाईंनी ती मोठ्यानं वाचली. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

"सिधोजी लाड. दाणा सरला सबब, बदली मागावयास, जमादाराच्या हुकुमानें रवाना. पट बराबर दिल्हा आहे. याची जागा राखून ठेवणें."

तीन आकडे व्हायच्या आत खोलीत अठरा जणांच्या टाचा एकदम जुळल्या. भिंतीवरचं कॅलेंडर हाललं. यशस्विनीच्या हातातली वाटी सांडली.

"आंटी," ती म्हणाली, "आवाज कुठनं आला?"

दत्तोजीरावांनी मान वर केली नाही. ते ओळीवरून बोट फिरवत होते, अक्षर एकही कळत नसताना. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून बाईंनी कागद हळूच पुढं सरकवला.

"पळाला नाय," म्हातारा म्हणाला. "पाठवला. आणि आमीच त्याच्या तोंडावर कागद चिकटवून बसलो. आमीच की."

कमलिनीबाईंनाही काहीतरी आठवलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पंधरा वर्षांपूर्वी त्या कागेबेट्टला गेल्या होत्या. वर माळावर दोन रांगांत दगड उभे होते. दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती, तिथं त्या डबा खायला बसल्या, तर रानातली एक म्हातारी धावत आली. "अल्लि कूरबेडि," तिथं बसू नका, असं कानडीत म्हणत तिनं बाईंना हाताला धरून उठवलं. ती जागा आपल्या लोकांनी ठेवलीय, माणूस यायचाय, असंही तिनं सांगितलं होतं. बाईंनी वहीत लिहिलं होतं, "एक दगड गहाळ, बहुधा गुरांमुळे." पोथ्या वाचणाऱ्यांचा शहाणपणा हा असा. त्यांनी जुने फोटो काढून टेबलावर ठेवले. पहिल्या रांगेत नऊ दगड, दुसरीत तीन, मग जागा, मग सहा. रानातल्या लोकांनी दोनशे वर्षं ती जागा राखली होती, आणि नजरबादेनं एक दिवससुद्धा नाही.

६

खंडेनवमीच्या सकाळी हॉल झेंडूनं भरलेला होता. जमीन नुकतीच धुतलेली, जुनी, लाल. अठरा तलवारी पाटांवर मांडल्या होत्या. या घराण्यांच्या संघाचे अध्यक्ष भुजंगराव घाटगे निवृत्त कस्टम अधिकारी होते, माणूस सरळ पण हट्टी. त्यांनी कागद भिंगातून बघितला, फोटो बघितले, बाईंचं सगळं बोलणं उभ्यानं ऐकलं. हॉलमधली दीडशे माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ओसरीवर दत्तोजीराव घरची तलवार मांडीवर घेऊन, काठीवर हनुवटी टेकून बसले होते आणि आत बघत नव्हते.

"मेडम," भुजंगराव शेवटी म्हणाले, "माझा मूळपुरुष राणोजी या पटावर पहिला आहे. त्याच पटात जागा राखा लिहिलंय, आणि आमी दोनशे वर्षं दार लावून बसलो, होय की नाय?"

भुजंगराव ओसरीवर गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर ते सत्तरीचे गृहस्थ वाकले आणि त्यांच्या मांडीवरची तलवार दोन्ही हातांनी उचलली.

"आत चला, दत्तोजीअण्णा. आमचं चुकलं."

पट कमलिनीबाईंनीच वाचावा, असं ठरलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. राणोजी घाटगे. भुजंगराव म्हणाले, हाजिर. पिराजी माने. हाजिर. आवाज पुढं सरकत गेला तसतशी बाईंची नजर कागदावरून जमिनीकडं जायला लागली. पाट आणि माणसं यांच्यामधल्या मोकळ्या ओल्या जमिनीवर फिक्या जोड्या उमटत होत्या. लोक तलवारींकडं बघत होते. यशस्विनी मात्र जमिनीकडं बघत होती, आणि तिनं तोंडावर हात धरला होता.

बारा नावं झाली. बाईंनी श्वास घेतला.

"सिधोजी लाड."

ओसरीच्या उंबऱ्यापासून कोरडी पावलं निघाली. लांब लांब टाकलेली, धावत्या माणसाची, एकेक करत ती माणसांच्या मधून वाट काढत आली, दुसऱ्या रांगेत वळली आणि चौथ्या जागी दोन पाय जोडून थांबली.

"हाजिर," दत्तोजीराव म्हणाले. त्यांचा आवाज छपरापर्यंत गेला. हॉलमधल्या बायका आधी रडल्या, मग पुरुष, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली तशी सगळा हॉल वाजायला लागला. बाहेरचा नादस्वरवाला काही न कळता फुंकायला लागला. इतक्या वर्षांच्या संशोधनात कमलिनीबाईंना असा आनंद एकदाही झाला नव्हता. त्यांनी उरलेली सहा नावं रडत रडत, ओरडून वाचली.

सगळं झालं, आणि तरी जोड्या जागच्या हालल्या नाहीत. उलट हॉलमधली हवा जड झाली. टाळ्या विरल्या. समईच्या ज्योती ताठ उभ्या राहिल्या. काहीतरी राहिलं होतं, आणि ते काय, हे फक्त बाईंना ठाऊक होतं. नेहमीचा मायना. त्यांनी कागद उलटला.

"हजेरी जाली. ठाणें सोडूं नये. बदली कोण, त्याणें नांव सांगावें. मग बरखास्त."

वाट बघणाऱ्यांचा तो श्वास आता सगळ्यांना ऐकू येत होता, आणि माणसं न ठरवता एकमेकांना चिकटत भिंतीकडं सरकत होती. बाईंच्या मनात आलं, की मीच बोलावलंय तर मीच सांगायला हवं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याआधी काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

दत्तोजीराव उभे होते. आधाराशिवाय, ताठ.

"दत्तोजी सिदरामजी लाड," ते म्हणाले. "बदली मी. उशीर झाला, माफी असावी. जावा आता घरी."

कमलिनीबाई म्हणाल्या, "बरखास्त."

अठरा आणि एक, अशा सगळ्या जोड्या एका क्षणात विरल्या आणि जमीन एकसारखी वाळली. ज्योती हालायला लागल्या. भुजंगरावांनी म्हाताऱ्याला मिठी मारली, कुणीतरी केसरीबाताचं ताट आणलं, आणि त्या दिवशी नजरबादेत लाडांच्या तलवारीला कुंकू लावायला एवढी गर्दी झाली की पातं दिसेना.

७

दिवाळीच्या सुमारास यशस्विनीचा फोन आला.

"आंटी, तातचे गुडघे एकदम बरे. डॉक्टर म्हणतात, हे पॉसिबलच नाही. पण रोज अकरा वाजता तो दारात जाऊन उभा राहतो, एक तास. बस म्हटलं तर बसत नाही. ड्युटी आहे म्हणतो. आणि हसतो, खूप हसतो. इतका खूश मी त्याला कधी बघितला नाही."

"मग उभं राहू दे," कमलिनीबाई म्हणाल्या. घड्याळात साडेअकरा झाले होते. त्यांनी खोली नुकतीच पुसली होती आणि फोन कानाला धरून त्या दारात उभ्या होत्या. जमीन छान, एकसारखी वाळत होती. फक्त उंबऱ्याशी एक जोडी आधी वाळली होती, तोंड बाहेर रस्त्याकडं, डावा पाय जरा फेंगडा. तो पाय त्यांच्या ओळखीचा होता. त्यांना भीती वाटली नाही. घरावर कुणीतरी भला माणूस राखण करतोय असंच वाटलं, आणि नंतर कितीतरी वेळ त्या तिथंच उभ्या राहिल्या.

पुस्तक जानेवारीत छपाईला गेलं. कागेबेट्टच्या प्रकरणात सिधोजी लाडाचं नाव तेराव्या जागी आहे, आणि "नेहमीचा मायना" हे शब्द खोडून तिथं चारही ओळी पूर्ण छापल्या आहेत. मुद्रितं त्यांनीच तपासली. त्या पानावर आल्यावर मात्र त्यांनी रेकॉर्डर बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद ओठ न हलवता, मनात वाचला. दत्तोजीराव चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर बदली कोण, हे कमलिनीबाईंना एवढ्यात कुणाला विचारायचं नव्हतं.